चॅटबॉटला आठवण देताय? या चुका टाळा

‘मागच्या खेपेला सांगितलंय की वो, आठ नंबर!’ गिऱ्हाईक दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप बॉटला असं सुनावतं आणि मालक म्हणतो, याला सगळं लक्षात ठेवायला लावा. या ‘सगळं’मध्येच घोळ आहे. भाषेचं मॉडेल, म्हणजे बॉटच्या मागे बसून उत्तरं लिहिणारी प्रणाली, स्वतःहून कालचं काही लक्षात ठेवत नाही. त्या क्षणी पुढ्यात ठेवलेला मजकूर तेवढा वाचतं. आठवण म्हणजे बाहेर ठेवलेल्या नोंदी, आणि त्यातलं काय पुढ्यात ठेवायचं हे आपणच ठरवायचं.

काही जण जुनं संभाषण दरवेळी आख्खंच्या आख्खं पाठवतात. लाखभर टोकन (मॉडेल मजकूर वाचताना करतं ते छोटे तुकडे) मावणारी मॉडेलं आली आहेत, त्यामुळे ते चालतंही. पण बिल टोकनवर येतं, आणि देवनागरी मजकूर इंग्रजीपेक्षा सहसा जास्त टोकन खातो. शिवाय लांब मजकुराच्या मधोमध असलेली माहिती मॉडेलच्या हातून जास्त निसटते, हे २०२३ च्या एका संशोधनात दिसलं आहे.

म्हणून नोंदी काढायच्या. खरी गडबड इथे होते. समजा, कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या एका दुकानाच्या बॉटला निरोप आला: ‘बाबांना कापशी पाहिजे, नऊ नंबर. उद्या मुंबईला चाललोय, त्याआधी द्या.’ बॉटने लिहून ठेवलं: माप नऊ, उद्या मुंबई. महिन्याने तोच माणूस स्वतःसाठी चप्पल बघायला आला, तर बॉट त्याला नऊ नंबर दाखवणार आणि वर प्रवासाच्या शुभेच्छाही देणार! माहिती कोणाची, कधीची आणि कोण म्हणालं, हे तिन्ही नोंदीत हवं. ‘उद्या’ची तारीख लिहितानाच काढा. ‘कोण म्हणालं’ हे बहुतेक जण वगळतात. मग बॉटनेच सुचवलेली कुरुंदवाडी (कापशीसारखाच कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) पुढे गिऱ्हाइकाची आवड म्हणून नोंदीत बसते, आणि बॉट तीच पुन्हापुन्हा सुचवत राहतो.

पत्ता बदलला की नवी ओळ जोडून भागत नाही. जुनी नोंद ‘अमुक तारखेपर्यंत खरी’ अशी बंद करा, नाहीतर बॉट आज एक पत्ता सांगेल, उद्या दुसरा.

नोंदी शोधायला सहसा व्हेक्टर शोध वापरतात, म्हणजे वाक्याच्या अर्थाचे आकडे करून जवळचे आकडे काढायचे. पण ‘करकर वाजणारी हवी’ आणि ‘करकर वाजणारी नको’ यांचे आकडे अगदी शेजारी बसू शकतात. ऑर्डर नंबरही या शोधात हुकू शकतो. जोडीला साधा शब्दशोध द्या, आवड आणि नावड वेगळ्या रकान्यांत ठेवा. रोमन लिपीत लिहिलेलं मराठी नोंद करतानाच देवनागरीत आणा. मुख्यतः इंग्रजीवर घडवलेलं एम्बेडिंग मॉडेल (वाक्यांचे आकडे करणारं) अशा रोमन मराठीवर हमखास गडबडतं.

सापडलेल्यातलं काय वापरायचं? २०२३ मध्ये स्टॅनफर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी २५ कृत्रिम पात्रांचं एक छोटं गाव उभं केलं. पात्रांना काय आठवावं हे ठरवताना त्यांनी ताजेपणा, महत्त्व आणि चालू विषयाशी संबंध, असे तीन गुण एकत्र केले होते. दुकानाच्या बॉटलाही हा हिशेब पुरतो.

तरी बॉट विसरतोय? लगेच महागडं मॉडेल घ्यायला धावू नका. आधी लॉगमध्ये (बॉटने काय काय केलं त्याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत) क्रमाने बघा: नोंद झाली होती का, शोधात वर आली का, मॉडेलपुढे ठेवूनही वापरली गेली नाही का. नोंदच झाली नसेल तर मॉडेल बदलून काडीचा फरक पडणार नाही.

गप्पा रंगाव्यात म्हणून दर वाक्याला जुनं उकरणं मात्र सोडा. ‘आजीच्या पायाची सूज उतरली का?’ हे मालकाने गल्ल्यावरून विचारलं तर माया वाटते. रात्री अकराला यंत्राने विचारलं की अंगावर काटा येतो. तब्येत, पैसे, घरातली भांडणं हे जपून ठेवूच नये, असं माझं मत.

आपल्याकडे एका नंबरावरून अख्खं घर बोलतं, हेही ध्यानात घ्या. नवऱ्याने गुपचूप मागवलेली भेट बायकोला बॉटने सांगितली, तर पुढचं तुम्ही निस्तरा. आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. ‘माझं सगळं काढा’ म्हटल्यावर मूळ ओळ जाते, पण तिच्यावरून केलेला सारांश आणि व्हेक्टर (तिचे आकडे) तसेच राहू शकतात. पुसून झाल्यावर त्याच नंबरावरून बॉटला माप विचारून बघा.