धुऱ्याची सामुद्रधुनी: खोदण्याआधीची तयारी

आमच्या सातवीतल्या एकाही मुलानं समुद्र पाहिलेला नाही. वर्धा जिल्ह्यातलं गाव. दोन्ही किनारे सारखेच लांब. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेमागच्या मोकळ्या जागेत आम्ही एक काल्पनिक सामुद्रधुनी, म्हणजे दोन समुद्रांना जोडणारी पाण्याची चिंचोळी वाट, आखणार आहोत. एका बाजूला कोकणासारखा किनारा, दुसऱ्या बाजूला बेट. नाव मुलांनीच ठेवलं: धुऱ्याची सामुद्रधुनी. दोन वावरांच्या मधे जसा धुरा, म्हणजे बांध, तशी ही दोन जमिनींच्या मधे. कुदळ हातात घेण्याआधी काय जमवायचं आणि काय ठरवायचं ते लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या शाळांनाही कामी येईल.

आधी प्रमाण ठरवा. आम्ही १ किलोमीटरला १ मीटर धरलंय. सगळ्यात अरुंद जागी ९ किलोमीटर, म्हणजे आवारात ९ मीटर. खोली ४० मीटर, म्हणजे फक्त ४ सेंटिमीटर. हे मुलांना पटत नाही, कारण समुद्र म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे विहीर येते. त्यासाठी दोन खरी उदाहरणं तयार ठेवा. भारत-श्रीलंकेमधल्या पाल्कच्या सामुद्रधुनीच्या दक्षिण टोकाला, रामसेतूवर, काही ठिकाणी पाणी जेमतेम मीटरभर. आपल्या प्रमाणात १ मिलिमीटर, नुसती सारवलेली ओली जमीन. जिब्राल्टर मात्र सुमारे १४ किलोमीटर रुंद आणि ३०० ते ९०० मीटर खोल. म्हणजे पोटरीपासून कमरेपर्यंतचा चर. दोन्ही सामुद्रधुन्याच, पण एकीत मोठं जहाज शिरू शकत नाही. नकाशावर निळा रंग दोघींना सारखाच दिला जातो, आणि मला नेमकी तीच सवय मोडायची आहे. किनाऱ्याची रेघ मारण्याआधी खोली ठरली पाहिजे.

मोठ्या आखणीत पाणी भरू नका. २० मीटर लांबी धरली तरी सात हजार लिटरच्या वर लागतं, आणि गावाचं तेवढं पाणी मातीत घालणं मला मंजूर नाही. तिथे फक्कीनं (चुन्याच्या भुकटीनं) रेघा मारा आणि नुसतं उकरा. पाण्यासाठी वेगळा दोन मीटरचा चर करा, मधे चिंचोळा, आणि खाली ताडपत्री हवीच. गेल्या वर्षी आम्ही ती घातली नाही. काळ्या मातीनं मधल्या सुट्टीपर्यंत सगळं पाणी पिऊन टाकलं आणि दुसऱ्या दिवशी तळाला भेगा पडल्या.

प्रवाह दाखवायला कोरडं कुटार (भुसा) आणा, घमेलंभर पुरे. एका तोंडाशी बादली हळू ओतली की कुटार आधी रेंगाळतं, चिंचोळ्या जागी एकदम पळतं, पुढे पसरट जागेत भोवऱ्यात फिरत राहतं. तेवढंच पाणी कमी जागेतून जायचं म्हणजे वेग वाढणारच. संस्कृतात धुनी म्हणजे नदी. सामुद्रधुनी या शब्दातच वाहणं आहे, हे कुटार पळताना सांगा, आधी नाही.

भरती-ओहोटीची तयारी मात्र पंधरा दिवस आधी सुरू करायची. हरभऱ्याला, गव्हाला रात्रीचं पाणी द्यायला बापासोबत जाणारी मुलं वर्गात असतातच. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो हे त्यांनी वावरातून पाहिलेलं असतं. त्यांच्याकडून उगवण्याच्या वेळा वहीत लिहून घ्या. भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात लहान. आमच्या सामुद्रधुनीच्या उत्तर तोंडाशी भरती दक्षिणेपेक्षा तासभर उशिरा पोहोचते असं ठरवलंय. दोन तोंडांशी पाण्याची पातळी वेगळी, म्हणून मधे ओढ.

दगड दोन्ही किनाऱ्यांवर एकाच जातीचे लावा. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होता. म्हणजे आमची ४० मीटरची सामुद्रधुनी तेव्हा कोरडी होती आणि बेट हे एक टेकाड होतं. आमच्या धुऱ्यावरचा काळा दगड आणि कोकणच्या कड्यांचा दगड दोन्ही दख्खनच्या लाव्हाचेच, त्यामुळे शोधायला लांब जावं लागणार नाही.

मुख्य भूमीवरून एक नदी सोडा आणि तिच्या मुखाशी गाळाचा दांडा करा. आपल्या वर्धेचं पाणी वैनगंगेला मिळून प्राणहिता होतं, तिथून गोदावरीत आणि मग बंगालच्या उपसागरात जातं. पुरात गढूळ झालेली वर्धा पाहिलेल्या मुलाला गाळ समजावावा लागत नाही.

उरलेलं सामान थोडं: सुतळी, खुंट्या, मीटरपट्टी. आणि खोली मोजायला दर सहा फुटांवर गाठ मारलेला दोर, टोकाला दगड. कोळी त्या मापाला वाव म्हणतात. ४० मीटर म्हणजे साधारण २२ वाव. तेवढा दोर मुलांनी मैदानावर एकदा उलगडून चालून पाहावा.

दीपस्तंभासाठी पऱ्हाटीची (कापसाच्या झाडाची) एक सरळ काडी बाजूला काढून ठेवली आहे. ती कुठे रोवायची हे आधी ठरवायचं नाही. चरात पाणी सोडल्यावर कुटार जिथे सगळ्यात जोरात पळेल आणि काठाला घासेल, ती जागा मुलांनी मोठ्या आखणीवर शोधायची आणि काडी तिथे रोवायची.