जुन्या डॉसच्या डब्यावर नेट कसं चालवायचं
सांगलीत मामांच्या हळदीच्या गोडाऊनमध्ये धूळ खात पडलेला ३८६ (८०३८६ चिपचा जुना पीसी) उचलून आणला आणि नेटवर घेतला, कुणाकडे असलं धूड असेल तर सांगतो. डॉसला (विंडोजच्या आधीची, कमांड टाईप करून चालवायची सिस्टिम) प्रोग्रामसाठी वापरायला ६४० केबी मेमरीच, म्हणून एनई२००० टाईपचं नेटवर्क कार्ड घाला, ईएमएम३८६ (डॉसचा मेमरी मॅनेजर) लावून कार्डाचा पॅकेट ड्रायव्हर (कार्ड आणि नेटचे प्रोग्राम जोडणारा छोटा प्रोग्राम) लोडहाय कमांडने ६४० केबीच्या वर ढकला म्हणजे खालची जागा मोकळी राहते (आयआरक्यू, म्हणजे कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती लाईन, दुसऱ्या कार्डशी भांडत नाही ना ते आधी बघा, माझा अख्खा रविवार त्यातच गेला), मग एमटीसीपी (डॉससाठीच्या नेट प्रोग्रामांचा संच) टाका. त्यात टीसीपी (नेटवर डेटा पाठवायची-घ्यायची यंत्रणा) प्रत्येक प्रोग्रामच्या आतच असतं, प्रोग्राम बंद केला की मेमरी परत. एमटीयू (एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट) डिफॉल्ट ५७६ असतो, घरच्या लॅनवर १५०० करा, फरक कळेल. एचटीटीपीएसचा (सुरक्षित वेबसाइट्सचा) नाद मात्र सोडा, दुसऱ्या पीसीवर एफटीपी सर्व्हर लावून फायली ओढा.