घरमालक घर विकायला काढतो तेव्हा भाडेकरूने काय करावं

श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट आटोपून चार दिवस झाले होते. मी दुपारी मशीनवर ब्लाउज शिवत बसले होते आणि ओट्यावर दोन अनोळखी माणसं टेप धरून माप घेत होती. कोण तुम्ही म्हणून विचारलं, तर एकजण म्हणाला, "का ताई, तुमले सांगं नही का? घर इकनं शे."

अमळनेरच्या जुन्या पेठेतल्या त्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात आम्ही २००४ पासून भाड्याने राहत होतो. खाली दोन खोल्या आमच्या, वर एक म्हातारी मावशी. घरमालक काका वारले, मुलं पुण्याला. संध्याकाळी थोरल्याचा फोन आला, "ताई, व्यवहार ठरलाय, महिन्याभरात खोल्या मोकळ्या करून द्या." पुढच्या दहा महिन्यांत वकिलाकडे, रजिस्ट्री ऑफिसात आणि घरातल्या घरात जे शिकले ते इथे लिहिते. आमच्या भागात अशा फोनवर घाबरून सामान बांधणारी माणसं मी फार पाहिली आहेत.

पहिल्या फोनवर हो म्हणू नका. भांडूही नका. आमचे हे "बघतो, सोडतो" म्हणणारच होते. मी फोन घेतला आणि एवढंच म्हणाले, "भाऊ, जे काही आहे ते लिहून पाठवा, आम्ही लिहूनच उत्तर देऊ." त्या दिवशी दुसरं काहीच करायचं नसतं. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर किंवा "नुसतं नाव लिहा" म्हणून पुढे केलेल्या संमतीपत्रावर सही करायची नाही. घेणाऱ्याला ते संमतीपत्र हवं असतं, कारण रिकामं घर आणि माणसं राहती असलेलं घर यांच्या किमतीत फरक असतो. तुमची सही कामाची आहे, हे आधी ओळखा.

मग ट्रंक उघडा आणि आपण कोणत्या कागदावर राहतो ते बघा. पुढचं सगळं यावर ठरतं. आमच्याकडे शंभराच्या स्टॅम्पवर लिहिलेली भाडेचिठ्ठी होती, रजिस्टर न केलेली, आणि एक लाल पुठ्ठ्याची वही. त्या वहीत दर महिन्याला तारीख, रक्कम आणि काकांची सही. सुरुवातीचे तीनशे रुपये, शेवटचे अठराशे. मधल्या एका पानावर पंधरा हजार डिपॉझिट मिळाल्याची ओळ. काकांचा हात शेवटी शेवटी थरथरायचा, त्या सह्या लांब ओघळलेल्या आहेत. वकीलबाईंनी वही पालथी घातली, एकेक पान बघितलं आणि म्हणाल्या, "हिची झेरॉक्स काढा, मूळ वही कोणाच्या हातात देऊ नका."

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि रजिस्टर असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. करार रजिस्टर नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. म्हणजे रजिस्टर कागद नाही म्हणून आपण रस्त्यावर, असं अजिबात नाही. भाड्याची पावती देणंही मालकाला बंधनकारक आहे. पावती नसेल तर बँकेतून किंवा मोबाइलवरून भरलेल्या भाड्याची नोंद, लाइटबिल, रेशन कार्ड, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, जे सापडेल ते एका पिशवीत जमा करा. हा कायदा त्याला जोडलेल्या यादीतल्या गावांना लागू आहे, तेव्हा आपलं गाव त्यात आहे का हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

आता मुख्य गोष्ट. घर विकलं म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे घेणारा जुन्या मालकाच्या जागी येतो. भिंतींसोबत भाडेकरूही त्याच्याकडे येतो. भाडे नियंत्रण कायद्यात घर खाली करून घ्यायची कारणं कलम १६ मध्ये मोजून दिली आहेत आणि "मला विकायचं आहे" हे त्यात नाही. नवीन मालक स्वतःला राहायला खरोखर गरज आहे म्हणून दावा लावू शकतो, पण तो कोर्टात, आणि तिथे कोणाची अडचण जास्त याचा विचार व्हावा लागतो. आमच्यासारख्या गावात हा दावा दिवाणी न्यायालयात चालतो. फोनवर किंवा ओट्यावर त्याचा निकाल लागत नाही.

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार असेल तर गोष्ट वेगळी. माझी नणंद धुळ्याला अशा करारावर राहत होती. पाचव्या महिन्यात मालकाने फ्लॅट विकला. मी माझ्या अनुभवावरून तिला "हलू नको" म्हणणार होते, बरं झालं आधी विचारून घेतलं. लायसन्स म्हणजे फक्त वापरायची परवानगी. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे घेणारा त्या परवानगीने आपोआप बांधला जात नाही. पण त्याच कायद्यात सामान हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क आहे, आणि पैसे घेऊन दिलेली परवानगी तुमची चूक नसताना मधेच तुटली तर ज्याने ती दिली त्याच्याकडून भरपाई मागता येते. नणंदेच्या करारात एक महिन्याच्या नोटीसची अट होती. तिने ती पाळायला लावली आणि डिपॉझिट खात्यात जमा झाल्यावरच किल्ली दिली. मुदत संपल्यावर मात्र लायसन्सच्या घरात एक दिवसही अडून बसू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागते आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडून, घर खाली करून घेतलं जातं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ भाड्याचा झाला. वरची मावशी रोज जिन्यात बसून विचारायची, "आते भाडं कोनले देवानं?" थोरला म्हणायचा माझ्या खात्यात टाका, घेणारा म्हणायचा आता मला द्या. उत्तर सोपं आहे. घेणाऱ्याला सांगा, खरेदीखत झालं असेल तर इंडेक्स टू ची (रजिस्ट्री ऑफिसातल्या खरेदीच्या नोंदीच्या उताऱ्याची) प्रत दाखवा आणि लेखी कळवा, त्या दिवसापासून भाडं तुमचं. तोपर्यंत जुन्या मालकालाच. विक्री झाल्याचं माहीत नसताना तुम्ही जुन्या मालकाला भाडं दिलं, तर ते पुन्हा द्यावं लागत नाही. नुसत्या साठेखतावर (पुढे विकण्याच्या करारावर) किंवा विसार पावतीवर (बयाण्याच्या पावतीवर) मालक बदलत नाही. आणि कोणी भाडं घ्यायचंच बंद केलं तर खुश होऊ नका, थकबाकी दाखवायची ती जुनी वाट आहे. बँकेतून पाठवा, नाही घेतलं तर स्पीड पोस्टाने पत्र पाठवून "भाडं द्यायला तयार आहोत" असं कळवा आणि पोच जपून ठेवा. थकबाकीची लेखी नोटीस आली तर ती आल्यापासून नव्वद दिवस उलटेपर्यंत त्या कारणावर दावा लावता येत नाही. त्याच्या आत पैसे भरून मोकळे व्हा.

ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन दिवस आमचं पाणी बंद झालं. कोणी केलं ते मी लिहीत नाही. पाणी, वीज असल्या गरजेच्या सोयी तोडणं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे चालत नाही, कोर्ट त्या परत सुरू करायचा हुकूम देऊ शकतं. वकीलबाईंच्या एका पत्रावर नळ सुरू झाला. बाहेरून कुलूप लावून काढलं तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागणारा दावा करता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईमाणसाला तिथे उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते, १९८७ च्या कायद्याने. अर्ज घरातल्या बाईच्या नावाने करा.

बारा वर्षं राहिलो म्हणजे घर आपलं, असं गल्लीत कोणीतरी सांगेलच. भाडं देऊन राहणारा कितीही वर्षं राहिला तरी भाडेकरूच असतो. या बोलण्यावर विसंबून भाडं बंद केलेली माणसं केस हरतात.

घर आपणच घ्यावं का, हा विचार जरूर करा. कायद्याने भाडेकरूला पहिला हक्क मिळत नाही, करारात लिहिलं असेल तरच. पण विचारायला काय जातं? आम्ही लेखी विचारलं. भाव आमच्या आवाक्याबाहेरचा निघाला, पण कागद बघताना एक गोष्ट कळली. सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर काकांच्या दोन मुलींचीही नावं होती आणि त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. बापाच्या घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच. त्यांच्या सहीशिवाय किंवा हक्कसोड पत्राशिवाय घेतलेलं घर म्हणजे विकत घेतलेलं भांडण. तुम्ही घेणार असाल तर आधी मिळकत पत्रिका, सगळे वारस, घरपट्टीची बाकी आणि बँकेचा बोजा तपासा. खरेदी फक्त बाईच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते.

शेवटी आम्ही सोडायचं ठरवलं. धाबं गळत होतं, नवीन मालकाला पाडून बांधायचं होतं, आणि माझ्या मुलीची दहावी होती. हक्क आहे म्हणून आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या चढायच्याच, असं नसतं. पण सोडायचं ते मोजून. भाडेहक्क सोडण्याबद्दल मोबदला घ्यायला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ ने परवानगी आहे, त्यात लाजायचं काही नाही. जुने मालक, नवीन मालक आणि आम्ही, तिघांच्या सह्यांचा कागद केला. आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) राहायचं, तोवर भाडं तेवढंच, डिपॉझिट नवीन मालकाने परत करायचं, मोबदल्याची रक्कम किल्ली देताना बँकेच्या डिमांड ड्राफ्टने. पुढच्या तारखेचा चेक घेतला नाही. वरच्या मावशीचा कागदही सोबतच करून घेतला, तिला एकटीला गाठून अंगठा घेतला जाऊ नये म्हणून.

निघायच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढला, रिकाम्या खोल्यांचे फोटो काढले, ताबा दिल्याच्या कागदावर सही घेतली. दाराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्यांचाही एक फोटो घेतला.

नवीन घराचा करार रजिस्टर करूनच घेतला आणि त्यात दोन ओळी घालायला लावल्या, तुम्हीही लावा: "मालकाने घर विकायचे ठरविल्यास प्रथम आम्हास लेखी विचारावे. विक्री झाल्यास किमान तीन महिन्यांची लेखी मुदत द्यावी व डिपॉझिट ताबा घेण्यापूर्वी परत करावे." नवीन घरमालक काकूंनी त्या वाचल्या, "बरोबर आहे तुमचं" म्हणाल्या आणि खाली सही केली.