नवी इयत्ता जड जातेय? आधी मूल नेमकं कुठे अडतंय ते शोधा

नव्या इयत्तेचे दोन-तीन आठवडे झाले की पालक काळजीने सांगू लागतात, "मागच्या वर्षी सगळं पटापट करायचा, यंदा काय झालंय कोणास ठाऊक!" बहुतेक वेळा मुलाला काहीच झालेलं नसतं. शाळेच्या अपेक्षा बदललेल्या असतात आणि त्या त्याला कुणी उलगडून सांगितलेल्या नसतात. पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकतं, तिसरी-चौथीपासून त्याला वाचून शिकावं लागतं. फळ्यावरचं स्वतः उतरवून घ्यायचं, गृहपाठ स्वतः लक्षात ठेवायचा, उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहायचं. धड्यांपेक्षा ही 'स्वतः' करायची कामंच जास्त जड जातात, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

पायरी १ : अर्धा तास नुसतं शेजारी बसा

मूल गृहपाठ करत असताना जवळ बसा, पण बोलू नका, खोडरबर हातात घेऊ नका. हात कुठे थांबतो तेवढंच बघा.

तिसरीतली एक मुलगी आठवते. वह्या कायम अपूर्ण, त्यामुळे 'फार हळू आहे' असा शिक्का बसलेला. डोळे तपासून झाले होते, नजर चांगली होती. एकदा तिच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा उलगडा झाला. ती एक अक्षर बघायची, लिहायची, पुन्हा मान वर करायची आणि तोवर फळ्यावरची ओळच हरवलेली असायची. मग दोन-तीन शब्द एकदम वाचायचे, ते मनाशी पुटपुटायचे आणि पुटपुटतच लिहायचे, अशी सवय आम्ही लावली. काही आठवड्यांत वह्या पूर्ण होऊ लागल्या. तिला हळू म्हणणाऱ्यांपैकी मीही एक होते, याचं आजही वाईट वाटतं.

गणितातही हेच करा. शाब्दिक उदाहरण चुकलं तर ते तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. ऐकून सुटलं, तर अडचण गणितात नाही, वाचनात आहे. आणि उपायही वाचनाचाच करायला हवा.

पायरी २ : मागचं कच्चं राहिलेलं शोधा

सुट्टीत बरंच विसरायला होतं, त्यात आळशीपणा काही नाही. पण भागाकार पाढ्यांवर आणि वजाबाकीवर उभा असतो, त्यामुळे तिथली भेग इथे दिसते. एक सोपी परीक्षा सांगते. मुलाला ३०४ मधून १६७ वजा करायला द्या. उत्तर १३७ आलं तर छान. २६३ आलं तर समजा, की ते प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय आणि हातचा त्याला कळलेलाच नाही. अशा वेळी पानभर गणितं घालून उपयोग नाही. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधा, दहा जुड्यांचा एक गठ्ठा करा. गठ्ठा सोडून जुड्या आणि जुडी सोडून सुट्ट्या काड्या करायला लावा. रोज दहा मिनिटं पुरतात.

पायरी ३ : एका वेळी एकच काम मुलावर सोपवा

"आता तू मोठा झालास, सगळं तुझं तू कर" हे सांगणं सोपं आहे, पण त्यातून मुलाला काय करायचं ते कळत नाही. दप्तरापासून सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात त्याने वेळापत्रक मोठ्याने वाचायचं आणि दोघांनी मिळून दप्तर भरायचं. दुसऱ्या आठवड्यात त्याने भरायचं, तुम्ही फक्त बघायचं. तिसऱ्या आठवड्यात "भरलं का?" एवढंच विचारायचं. एखादी वही राहील, राहू द्या. ती द्यायला धावत शाळेत जाऊ नका आणि संध्याकाळी त्यावरून बोलूही नका. हे अंगवळणी पडल्याशिवाय पुढचं काम देऊ नका.

पायरी ४ : झोप आणि वेळ

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. गृहपाठासाठी ती कापू नका. अभ्यास पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत करा, मधे उठू द्या.

पायरी ५ : शिक्षकांना नेमके प्रश्न विचारा

"अभ्यासात कसा आहे?" या प्रश्नाला "ठीक आहे" यापलीकडे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी विचारा: फळ्यावरचं वेळेत उतरवून होतं का? सूचना एकदा सांगितली की कळते का? मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतो? हा शेवटचा प्रश्न आवर्जून विचारा. तुकडी बदलून जुने मित्र दुसऱ्या वर्गात गेले असतील, तर मुलाचं मन धड्यात लागत नाही. ते घरी येऊन "मला मित्र नाहीत" असं सांगेलच असं नाही, ते "मला गणित आवडत नाही" म्हणेल.

दीड-दोन महिने झाले तरी शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखणं, रडणं चालूच असेल, किंवा वाचताना अक्षरं सारखी उलटसुलट होत असतील, तर "होईल हळूहळू" म्हणत थांबू नका. वर्गशिक्षकांशी बोला, डोळे आणि कान तपासून घ्या. आणि समुपदेशकांकडे जायचं ठरलं, तर मुलाला तसं आधी खरं खरं सांगून मगच घेऊन जा.