मध्ययुगीन युरोपचं खोगीर: आधी सांगाडा, मग नक्षी

युरोपातल्या मध्ययुगीन खोगिरांचा अभ्यास सुरू करणारे बहुतेक जण पहिली चूक एकच करतात, ती म्हणजे नक्षीपासून सुरुवात. काचेआड हाडाच्या पट्ट्यांनी मढवलेलं खोगीर असतं, त्यावर संत जॉर्ज अजगराला भोसकत असतो, बाजूला एखादी प्रेमिकांची जोडी उभी असते, आणि सगळा वेळ तिथेच जातो. पण खोगीर म्हणजे स्वाराचं वजन घोड्याच्या पाठीवर नीट वाटून देणारी लाकडी रचना. ती समजली की चित्रकाराने काय बघून काढलंय आणि काय नुसतं कल्पून काढलंय, हे लगेच वेगळं करता येतं.

मराठी वाचकाला इथे एक सोय आहे. तंग, दुमची, पेशबंद (हे खोगीर बांधायचे पट्टे), रिकीब (स्वाराने पाय ठेवायची कडी), कडियाळं (लगामाला जोडलेलं, घोड्याच्या तोंडातलं लोखंड) हे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत. टिपणं याच शब्दांत काढा आणि फ्रेंच, जर्मन, लॅटिन संज्ञा समासात लिहा. फ्रेंचमधला ‘आर्सों’ हा शब्द खोगिराच्या कमानीला लागतो, तसा कधी अख्ख्या सांगाड्यालाही लागतो. जुन्या याद्या वाचताना यावर हमखास घोटाळा होतो.

सांगाड्याचे मुख्य भाग चार: कण्याच्या दोन्ही अंगांना आडव्या बसणाऱ्या दोन फळ्या, पुढची कमान आणि मागची कमान. फळ्या कण्याला टेकता कामा नयेत. त्यांच्यामध्ये पोकळी हवी, म्हणजे वजन कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पडतं. पोकळी अरुंद झाली किंवा खालची गादी बसून चपटी झाली, की घोड्याची पाठ सोलून निघते. लाकडावर बऱ्याचदा कच्चं चामडं ओलं असताना ताणून बसवत. वाळताना ते आक्रसतं आणि सगळे सांधे आवळून धरतं. खाली गवत, पेंढा किंवा केस भरलेली गादी. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण निरुपयोगी भरताडासाठी वापरतो, पण घोड्याची पाठ वाचते ती याच भरतीमुळे.

हे सगळं उघडं बघायचं असेल तर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत जा. इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याच्या १४२२ सालच्या अंत्यविधीतलं खोगीर कित्येक शतकं त्याच्या समाधीजवळ वर टांगलेलं होतं. आता ते ॲबीच्या वरच्या मजल्यावरच्या दालनात आहे. ही दालनं २०१८ मध्ये उघडली. मूळचं मखमली आवरण उरलेलं नाही. म्हणूनच नवख्यासाठी याच्याइतका चांगला शिक्षक नाही: लाकूड, कमानींचा उतार आणि बैठक थेट नजरेला पडतात. आधी हे बघा, हाडाची खोगिरं नंतर.

आता पट्टे. पोटाखालून जातो तो तंग. लढाईच्या खोगिराला अनेकदा दोन असत. छातीवरून येणारा पेशबंद खोगीर मागे सरकू देत नाही आणि शेपटीखालून जाणारी दुमची ते पुढे घसरू देत नाही. काखेत घट्ट धरलेला भाला समोरच्यावर आदळला की स्वार मागे फेकला जातो. तो धक्का मागची उंच कमान झेलते, ती तंगाला आणि पेशबंदाला देते, आणि शेवटी तो घोड्याच्या छातीवर येतो. रिकिबीचा पट्टा पुढच्या बाजूला टांगलेला असतो, त्यामुळे पाय सरळ आणि किंचित पुढे राहतो. पाय असा लांब सुटला की टाच घोड्याच्या कुशीपासून दूर पडते. पंधराव्या शतकात टाचेच्या आरीची (घोड्याला टोचायला टाचेला बांधलेल्या काट्याची) मान एवढी लांबली, त्याचं कारण हेच. चित्रात लांब मानेची आर दिसली की पाय, रिकीब आणि मागची कमान तिच्याशी जुळतात का, ते तपासा. जुळत नसतील तर एखादा भाग दुसऱ्या चित्रातून उचललेला असण्याचा दाट संभव आहे.

सगळ्या युरोपात स्वारीची रीत मात्र एकच नव्हती. आयबेरियात आखूड रिकिबीची ‘हिनेता’ आणि लांब रिकिबीची ‘ब्रिदा’ अशा दोन पद्धती शेजारी शेजारी चालत. पोर्तुगालचा राजा दुआर्ते (मृत्यू १४३८) याने वेगवेगळ्या खोगिरांवर कसं बसावं हे स्वतः लिहून ठेवलंय. स्पॅनिश चित्रात गुडघा वाकलेला दिसला तर चित्रकार चुकला असं घाईने ठरवू नका.

कडियाळ्याबाबत चित्रं जवळजवळ मुकी असतात, कारण मुख्य भाग घोड्याच्या तोंडात असतो. दिसतात त्या बाहेरच्या दांड्या आणि गालावरच्या गोल चकत्या. दांडीचा तोंडाच्या वरचा भाग ५ सेंमी आणि खालचा १५ सेंमी असेल, तर हनुवटीखालच्या साखळीवर लगामाच्या ओढीच्या साधारण तिप्पट जोर येतो. डाव्या हातात ढाल आणि लगाम, उजव्या हातात भाला असलेल्या स्वाराला ही तरफ लागायचीच. तोंडात कुठल्या घडणीचं लोखंड होतं हे उत्खननातल्या वस्तूच सांगतात. चित्रावरून ते ठरवू नका.

चित्रं बघायला घेताना आरंभ बायोच्या पटापासून, म्हणजे इंग्लंडवरच्या नॉर्मन स्वारीची गोष्ट सांगणाऱ्या कापडी पटापासून करावा. अकराव्या शतकातला हा सुमारे ७० मीटर लांबीचा पट विणलेला नाही. तागाच्या कापडावर लोकरीने भरतकाम केलेलं आहे. एका घोडेस्वारावर नजर रोखा. पुढची आणि मागची कमान दोन्ही ताठ उभ्या, पाय खाली सरळ, टाचेला साधी टोकदार आर, छातीवर पेशबंद. आता घोड्याचे पाय बघा: पलीकडचे दोन वेगळ्याच रंगाचे, कारण भरतकाम करणाऱ्यांनी रंगाचा वापर जवळ-लांब दाखवायला केलाय. लोकरीच्या रंगछटा मोजक्याच, म्हणून पट्ट्याचा निळा किंवा हिरवा रंग पुरावा म्हणून धरू नये. काही ठिकाणी एकोणिसाव्या शतकातली डागडुजीही आहे. मुद्दा मांडायचा तर तो मूळ टाक्यांवर उभा आहे ना, हे दुरुस्तीच्या नोंदींतून पाहून घ्या.

कोडेक्स मानेसे हे चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं जर्मन गीतांचं हस्तलिखित. त्यात १३७ पूर्ण पानी चित्रं आहेत, आणि हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते पूर्ण ऑनलाइन ठेवलंय. इथली अडचण झुलीची. कुलचिन्हांनी भरलेली झूल सगळे पट्टे झाकून टाकते. कमानींचे माथे तेवढे वर डोकावतात. त्यामुळे झूल असलेल्या चित्रांवरून तंग एक की दोन हे कधीच ठरवू नका.

पंधराव्या शतकातला इटालियन चित्रकार उचेल्लो याच्या ‘सान रोमानोची लढाई’ या चित्राचे तीन फलक लंडन, फ्लॉरेन्स आणि पॅरिसमध्ये विखुरलेत. घोड्यांच्या पट्ट्यांवर बसवलेल्या सोनेरी चकत्या त्यात इतक्या नीट दिसतात की त्यांच्यातलं अंतर मोजता येतं. मात्र चिलखतांवरचा चांदीचा वर्ख काळवंडलाय. आज काळं दिसतं ते तेव्हा झळकत होतं. आणखी एक सापळा: ट्रॉयची लढाई किंवा बायबलातला प्रसंग रंगवतानाही चित्रकार आपल्या काळातलंच खोगीर काढतो. म्हणून खोगिराचं साल चित्राच्या सालाशी लावायचं, कथेच्या काळाशी नाही.

एवढं झाल्यावर हाडाची खोगिरं घ्या. पंधराव्या शतकातली अशी मोजकीच खोगिरं शिल्लक आहेत. न्यू यॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि लंडनचं वॉलेस कलेक्शन इथे ती पाहता येतात. वाकून कडेने बघा. पुढची कमान वर गुंडाळीसारखी वळलेली, मागची दोन गोलसर पाळ्यांत फुटलेली, आणि बाजूला पट्टे ओवायच्या फटी. ती फक्त मिरवायची होती की प्रत्यक्ष वापरली गेली, यावरचा वाद या फटींपाशी येऊन थांबतो. कडा झिजल्या आहेत का, हाडाच्या पट्ट्या पाय घासतो त्या जागी गुळगुळीत झाल्यात का, हे टिपून ठेवा.

वस्तू हाताळायची परवानगी हवी असेल तर निदान दोन महिने आधी लिहा आणि नेमकं काय मोजायचंय ते पत्रातच सांगा. ‘खोगीर बघायचंय’ एवढ्यावर कुणी वस्तू बाहेर काढत नाही. सोबत पेन्सिल, कापडी टेप, नायट्राइलचे हातमोजे आणि छोटी बॅटरी; शाईचं पेन आणि फ्लॅश नको. मापं याच क्रमाने घ्या: एकूण लांबी, दोन्ही कमानींची उंची, फळ्यांमधली पोकळी पुढे आणि मागे, फटींची जागा पुढच्या कमानीपासून. खालची बाजू दाखवायची विनंती नक्की करा. जोडकाम, भोकं, नंतर ठोकलेले खिळे आणि चामड्याचे अवशेष तिथेच असतात. वरचं मखमल, पट्टे किंवा रिकिबी बऱ्याचदा नंतरच्या संग्राहकाने जोडलेल्या असतात. प्रत्येक भागासमोर ‘मूळ’, ‘नंतरचा’ किंवा ‘संशयित’ असं लिहायची सवय पहिल्याच दिवसापासून लावा. पुढे ते आठवणीवरून लिहायला गेलात तर फसाल.

एकाच विषयातला माणूस इथे पुरत नाही, याचं कारण खोगीर बनवणारेही एकटे नव्हते. लंडनमध्ये सांगाडा सुतार करत, रंगकाम चितारी, लोखंडी सामान लॉरिमर (कडियाळी, रिकिबी घडवणारे), आणि सगळं जुळवून विकायचे ते खोगीरवाले. १३२७ मध्ये याच खोगीरवाल्यांची बाकीच्यांशी भर रस्त्यात हाणामारी झाली. लाकडाची जात ओळखणारा, चामडं जाणणारा, धातूवर काम करणारा आणि रंगद्रव्यं तपासणारा अशी चार माणसं ओळखीची करून घ्या. स्वतः त्यातलं एक काम हाताने शिका. चामड्याची शिवण सर्वांत लवकर जमते आणि जुना टाका व नवा टाका यांतला फरक तीच दाखवते.

सरावासाठी एकाच दशकातली, एकाच प्रदेशातली वीस चित्रं घ्या. प्रत्येकासाठी कमानींची उंची, तंगांची संख्या, पेशबंद कुठे जोडलाय, दुमची आहे का, पायाचा कोन आणि आरीचा प्रकार अशा सहा रकान्यांचा तक्ता भरा. दिसत नसेल तिथे रकाना कोरा न ठेवता ‘झाकलेलं’ असं लिहा. कोरा रकाना नंतर ‘नव्हतं’ असा वाचला जातो.