नवी मोरपंखी तपकिरी पडतेय? आधी हुंडी तपासा

पावसाळ्यात घराभोवती लावलेली मोरपंखी ऑक्टोबरच्या उन्हात करपल्यासारखी दिसू लागली की बहुतेक जण लगेच पाण्याची नळी सोडतात. कृपा करून तसं करू नका. मुळं सुकलेली असोत वा कुजलेली, वरचा पाला सारखाच तपकिरी होतो. कुजत्या मुळांना आणखी पाणी दिलं तर झाड हातचं जातं.

खुरप्याने आधी बुंध्यालगतची, मग वीतभर बाहेरची माती उकरून हातात घ्या. रोपवाटिकेची हुंडी, म्हणजे रोपाच्या मुळांभोवतीचा मातीचा गोळा, बहुधा तांबड्या मातीची आणि आपला खड्डा काळ्या मातीचा असतो. त्यामुळे खड्डा ओला असूनही हुंडी आतून ठणठणीत कोरडी सापडते. अशा वेळी बुंध्याजवळच सावकाश, थेंबाथेंबाने पाणी जिरवा. चिबड जमिनीत नेमकं उलटं होतं: खड्ड्यात पाणी तुंबतं, मुळं काळी पडतात, बोटाने ओढली की साल सुटून येते, कुबट वास येतो. तिथे पाणी थांबवा, चर काढून निचरा करा आणि वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाल्यावर, कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक १० लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम घेऊन आळवणी करा, म्हणजे ते मुळांशी ओता. प्लॅस्टिकची पिशवी तशीच पुरलेली असेल तर ती हुंडी न फोडता कापून काढा. बुंधा खोल गाडला गेला असेल तर वरची माती बाजूला करा.

फक्त भिंतीकडची बाजू करपली असेल तर पश्चिमेची तापलेली भिंत किंवा एसीची गरम हवा पाहा. महिनाभर शेडनेट बांधा. बांधकामाचा राडारोडा खड्ड्यात असेल तर तो काढावाच लागतो. पाला धुरकट दिसत असेल तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. ठिपके चालू लागले तर ती लाल कोळी ही कीड. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेही ती बरीच आटोक्यात येते. आतला जुना पाला तेवढा वाळला असेल तर काळजी नको.

फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवी असेल तर जीव आहे, कात्री लावू नका. पूर्ण वाळलेली तेवढीच छाटा, कारण मोरपंखीच्या उघड्या, जुन्या लाकडावर सहसा नवी फूट येत नाही. पालापाचोळ्याचं दोन-तीन इंच आच्छादन करा, पण बुंध्याला टेकू देऊ नका. नवे हिरवे शेंडे दिसेपर्यंत युरिया, डीएपी असं कोणतंही खत टाकू नका.