नव्या वर्षाचा डेटाबेस करण्याआधी

मार्चअखेर आली की लातूरच्या मोंढ्यातून आडतवाल्यांचे फोन सुरू होतात: नव्या वर्षाचा डेटाबेस करून द्या, १ एप्रिलच्या पहिल्या काटापट्टीपासून (मालाच्या वजनाच्या पावतीपासून) नोंदी त्यातच गेल्या पाहिजेत. काम दहा मिनिटांचं. पण सर्व्हरनं 'या नावाचा डेटाबेस आधीच आहे' म्हटलं, की दिवस जातो. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर ही डेटाबेस सांभाळणारी सॉफ्टवेअरं; पहिल्यात हा एरर १००७, दुसऱ्यात १८०१.

निघण्याआधी बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. दुकानात गेल्यावर आधी आपण योग्य सर्व्हरवर आहोत ना, ते पोर्टसकट (सर्व्हरच्या जोडणीच्या क्रमांकासकट) तपासा. एकाच कॉम्प्युटरवर चाचणीचा एक आणि खरा एक असे दोन सर्व्हर बऱ्याच ठिकाणी असतात. मग आहेत त्या सगळ्या डेटाबेसची नावं वहीत उतरवा आणि प्रत्येकापुढं तो कोणाचा, शेवटची नोंद कधीची, हे लिहा. ही वही मला सगळ्यात मोलाची वाटते.

नाव घरूनच ठरवून न्या. नुसतं पिंपळगाव म्हटल्यावर कोणतं, असं आपल्याकडं विचारावंच लागतं; बुद्रुक-खुर्द त्यासाठीच आले. 'अकाउंट' किंवा 'न्यू' या नावांचं तेच होतं. दुकान, काम आणि वर्ष तिन्ही नावात येऊ द्या. अक्षरं इंग्रजी, सगळी लहान, मध्ये अंडरस्कोर. मायएसक्यूएल लिनक्सवर लहान-मोठ्या अक्षरांची नावं वेगळी धरतो, विंडोजवर एकच. त्यामुळं लिनक्सवर सुखानं नांदणारे दोन डेटाबेस विंडोजवर नेले की भांडतात. पोस्टग्रेस या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नावाला ६३ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे जेमतेम २१ चिन्हं, आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. पुढचं तो कापून टाकतो. वर्ष शेवटी लिहिलं असेल तर तेच कापलं जातं आणि दोन वर्षांची नावं एक होतात.

यादीत नाव नाही, तरी अडतंय? मग फाइली बघा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटाबेस डिटॅच केला (सर्व्हरपासून सोडवला), किंवा ऑफलाइन असताना काढला, तर त्याच्या फाइली डिस्कवर तशाच राहतात आणि त्याच नावाचा नवा करताना ५१७० एरर येतो, म्हणजे फाइल आधीच आहे. जुन्याचं नाव बदलून जागा मोकळी केली तरी फाइलींची नावं बदलत नाहीत. यात चांगले जाणते अडकलेले मी पाहिलेत. नव्याच्या फाइलींना वेगळं नाव द्या. मायएसक्यूएल ८ मध्ये मागं राहिलेला फोल्डरही असाच आडवा येतो. तो पुसू नका, सर्व्हरच्या डेटा फोल्डरबाहेर हलवून ठेवा.

'इफ नॉट एक्झिस्ट्स' (नसेल तरच तयार कर) जोडून एरर घालवायची सवय मात्र सोडा. मायएसक्यूएलमध्ये मग नुसती वॉर्निंग येते, नवीन काही तयार होत नाही, आणि पुढचा इम्पोर्ट जुन्या टेबलांवर जाऊन पडतो. मायएसक्यूएलडंप या बॅकअप काढणाऱ्या साधनाच्या फाइलीत आहे ते टेबल आधी काढून टाकण्याची आज्ञा मुळातच असते. एका दुकानात असंच सोयाबीनच्या ऐन हंगामाचं खातं गेलं. बॅकअप आठ दिवसांपूर्वीचा निघाला, आणि मधल्या काटापट्ट्या शोधून हातानं भरताना मुनीमजींचे डोळे भरून आले होते. शेतकऱ्यांचे पैसे त्यावर मिळायचे होते.

जिल्ह्याच्या नावानं डेटाबेस ठेवणाऱ्यांनी उलटी बाजूही पाहावी. २०२३ पासून औरंगाबाद जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला, उस्मानाबाद धाराशिव. नव्या नावाला सर्व्हर अडवणार नाही, पण एकाच शाखेची दोन खाती होतील आणि रिपोर्ट जुन्यालाच विचारत राहील.

एवढं करूनही तेच नाव आडवं आलं, तर 'ड्रॉप' (डेटाबेस काढून टाकायची आज्ञा) लिहिण्याआधी वहीत त्या नावापुढं कोण लिहिलंय ते बघा आणि त्यांना फोन लावा. फोन लागला नाही तर नव्याला दुसरं नाव द्या आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तेच टाका.